बागेतला हत्तीएवढा दगड

सावली गावच्या मोटार-स्टँडवर माझ्या मागे दोन बाया बसल्या होत्या. चांद्याची नवी सरकारी बाग पाहून त्या गावाकडे परतत होत्या.

"मंगली, एवढं कारंजं सोडून तू त्या दगडापाशी काऊन बसली वो?"

"केवढा दगड होता, गुणाबाई! हत्ती बसला एवढा."

"जुन्या लोकाईचं मसन होतं म्हणे तिथी."

"मले दिसताच समजलं. आमच्याकडे माणूस मेला का त्याच्या नावाचा दगड उभा करते. मेलेला खुश असला तं दगड वाढते."

"दगड कुठी वाढते काय?"

"वाढते. माह्या सासऱ्याचा कंबरेवर आला. नवऱ्याचा मात्र गुडघ्याएवढाच हाय. तांदूळ देतो, मोहाची दारू देतो, कोंबडं देलं. नाई वाढला. माह्याकडून काय कमी पडते, समजत नाई."

"मंग बागेतल्याले कोण देते तांदूळ? त्याच्या घरचं तं कोणी उरलं नसन."

"तेच म्या माळ्याले पुसलं. म्हणे, कोणीच काई देत नाई. दिवसभर पोट्टे त्याच्यावर चढते, घसरते, बाया त्याच्या सावलीत शिदोऱ्या सोडते."

"हो वो, केवढा कल्ला होता!"

"म्हणून तं एवढा वाढला तो."

"उठ, मोटार आली."

"माह्या नवऱ्याच्या दगडाभवती म्याच काटे लावले हाय, गुणाबाई. पोट्टे चढू नाई म्हणून."

"मंग?"

"घरी गेल्याबरोबर काढतो."