कद्दीशला एक माणूस कमी

पप्पांना जाऊन वर्ष झालं, त्या दिवसाची गंमत सांगते. सिनेगॉगमध्ये माझा भाऊ कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणणार, तिला दहा ज्यू पुरुष लागतात, आणि आले नऊच. लेकीला कडेवर घेऊन मी पुन्हापुन्हा मोजतेय, जणू मोजून वाढणार होते! मी बाई, म्हणून धरत नाहीत. माझा नवरा सचिन लालबागचा हिंदू. सगळी प्रार्थना पाठ, पण तोही धरत नाहीत. शेवटी त्यानेच एझ्राकाकांना फोन केला. काका पप्पांचे धाकटे भाऊ, आमच्या लग्नापासून अबोला धरलेले.

काका आले. "भावासाठी आलोय, तुमच्यासाठी नाही," मला ठणकावलं. दहा झाले, प्रार्थना सुरू झाली. थोड्या वेळाने काका मागच्या बाकावर सचिनपाशी सरकले. बायकांच्या बाजूलाही ऐकू आलं,

"जावईबापू, पान कितवं?"