नखाएवढा दोरा

(अण्णांची खोली. गादी गुंडाळून ठेवलेली. ताई कपाट आवरते आहे. धाकट्या भावाच्या बॅगेला विमानाची चिठ्ठी अजून तशीच.)

धाकटा : बारा हजार किलोमीटर आहे, ताई. पंख लावून येऊ का मी?

ताई : लावूनच आलास की. तिसऱ्या दिवशी.

धाकटा : तिकीट मिळायला नको?

ताई : सोमवारीच फोन केला होता. जास्त आहे, म्हटलं होतं.

धाकटा : गेल्या वर्षीही जास्त आहे म्हणालीस, आणि पंधरा दिवसांत ते बाजारात फिरत होते.

ताई : बरं. म्हणजे चूक माझी.

धाकटा : तसं नाही गं. एवढंच सांग, शेवटी माझं नाव काढलं का त्यांनी?

ताई : तो पत्र्याचा डबा उघड.

धाकटा : दोरे?

ताई : तुझेच आहेत. तू नेहमी उडतोस त्या विमान कंपनीचं पत्र यायचं दर तीन महिन्यांनी. कुठून कुठे उडालास, किती मैल झाले. तुझा पत्ता त्यांच्याकडे अजून हाच आहे.

धाकटा : मला मोबाईलवर दिसतं सगळं. कधी लक्षातच आलं नाही.

ताई : अण्णांच्या यायचं. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, कंपनीचा आकडा पटतोय थोडाच? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणायचे, मोजायचे, तेवढाच कापून ठेवायचे. कंपनीची चूक सापडली की दिवसभर खूश.

धाकटा : हे सव्वा वीतभर लांब... घरचे?

ताई : हो. घरापर्यंतचे दोनच आहेत बघ. एक येण्याचा, एक जाण्याचा. सहा वर्षांतले.

धाकटा : आणि हा नखाएवढा? एवढ्याशा अंतराला कोण विमानाने जातं?

ताई : तू गेला नाहीसच. गेल्या मे महिन्यात समुद्राकाठच्या त्या शहरात उतरलास, चार दिवसांनी तिथूनच परत. तिथून आपल्या घरापर्यंतचा आहे तो.

धाकटा : ताई, कामाला आलो होतो. दिवसभर मीटिंगा. मान वर करायला उसंत नव्हती.

ताई : तासाभराचं विमान. तीनदा मोजलं त्यांनी, चष्मा पुसून पुसून. पत्रात चूक सापडेना. मग म्हणाले, दुसऱ्या कुणाचं पत्र आलं असेल.

धाकटा : मला विचारायचं तरी.

ताई : मी फोन उचलला, तर शपथ घातली. त्यानंतर कुणी विचारलं, मुलगा येत नाही का, की ठरलेलं उत्तर. बारा हजार किलोमीटर आहे हो, पोर तरी काय करणार.

धाकटा : आणि शेवटी?

ताई : डॉक्टरांनी विचारलं, मुलाला कळवलं का. तेव्हाही तेच. बारा हजार. त्यानंतर बोलले नाहीत.

धाकटा : हा छोटा मी घेऊन जाऊ?

ताई : डबाच ने. आणि त्या कंपनीला पत्ता तेवढा बदलून कळव. इथे आता मोजणारं कुणी नाही.