दहावं नाव

नको नको, खुर्ची कशाला भागुबाई, मी उभीच बरी — सरी, बरं, बसते स्वल्प. सकाळपासून अकरा घरांचे जिने चढलेय, गुडघे बोलायला लागलेत. तुम्ही निपाणीकडच्या, म्हटलं या कानडी शहरात निदान एका दारात तरी घरच्या मराठीत भीक मागता येईल. तर काय सांगत होते? हां, दूध. आमच्या सरकारी शाळेत सकाळी गरम दूध, दुपारी जेवण, अंडं, पुस्तकं, गणवेश, सगळं फुकट — आणि भिंतीवर हत्ती काढलाय. मीच काढलाय. मुलं त्याला म्हैस म्हणतात ती गोष्ट वेगळी. तुमच्या अश्लेषाला पहिलीत घाला, एवढंच मागणं. सगळ्या शाळेत मिळून नऊ मुलं झालीत. दहावं मिळालं नाही तर साहेब आमची शाळा रिंग रोडपलीकडच्या शाळेत मिसळणार, आणि ती नऊ चिमुरडी तो रस्ता रोज कशी ओलांडणार? मला एकटीला ओलांडताना देव आठवतात.

शिकवतो कसं? उत्तम! म्हणजे — एका खोलीत तीन वर्ग, आणि मी एकटी. तिसरीला गुणाकार, दुसरीला कविता, पहिलीला तोंडावर बोट. मधेच मला निवडणुकीचं काम लागलं की तिन्ही वर्गांना तोंडावर बोट. अय्यो, हे सांगायचं नव्हतं. पण बाई मनापासून शिकवतात हो — बाई म्हणजे मीच, दुसरं आहे कोण?

माझा मुलगा? प्रणीत? जातो की. शाळेत. इथेच जयनगरात... टाय असतो त्यांना. बरं, विचारलंतच तर — कॉन्व्हेंटात. हसा, हसा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ते मलाच बघून कुणीतरी म्हटलं असणार. आणि पुढची मजा ऐका. यूकेजीतच त्यांनी वजाबाकी काढली, याला कळेना. तिथल्या मिस म्हणाल्या, ट्यूशन लावा. मग शिकवली कुणी? मी! आमच्याच सरकारी पुस्तकातून, स्वयंपाकघरात शेंगदाणे मांडून. चार दिवसांत आली. म्हणजे पोराला शिकवते सरकारी मास्तरीणच, फी तेवढी दुसरीकडे भरते. आहे की नाही हुशारी?

मग त्यालाच का नाही आणत? ... यंदा पहिलीतच जाणार तो. दहावं नाव माझ्याच घरात आहे, भागुबाई. एप्रिलात अर्ज लिहिलाही होता, सही तेवढी राहिली होती. आणि डोळ्यांसमोर आलं — तो तोंडावर बोट ठेवून बसलाय, नि मी मतदारयादी घेऊन दारोदार. दुसऱ्यांची मुलं तशी बसलेली चौदा वर्षं चालली मला. माझं एक नाही चाललं. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच आहे.

टीव्हीमागे काय शोधताय? कसला कागद? बघू — अगं बाई. प्रणीतच्याच कॉन्व्हेंटचा फॉर्म, अश्लेषासाठी. इंग्रजीत आहे म्हणून कुणी भरून देईना, होय? कधीपासून पडलाय? ... नाही, मी काही म्हणत नाही. कुठल्या तोंडानं म्हणू? इकडे द्या. पेन आहे माझ्याकडे. कुठल्या रकान्यात काय लिहिलं की ते खूश होतात, मला पाठ आहे. चहा नको. आणि बोलू नका आता, भरू द्या.