माळावरचा खुळखुळा

मंडळी, कामं टाकून आलात, वाणगावपासून चालत आलात. बसा. मला भाषण येत नाय. जानकीबरोबर मी जन्मभर गवत कापलं. आता ती गेली, आन् तिच्याबद्दल बोलायला उभी राहिलेय. पण रडू येत नाय मला. संताप येतोय.

पुढे खुर्च्यांवर कारखान्याचे साहेब बसलेत. हार आणलाय. साहेब, खुळखुळा ठाऊक हाय तुमाला? तुमची वसाहत हाय तिथं आमचा माळ होता. पाऊस सरला का गवतात पिवळ्या फुलांची ती झुडपं उभी राहायची. गुरांना ती बाधतात, म्हणून कापताना आमी त्यांना वळसा घालायचो. तिथं विळा जात नाय, ढोर तोंड घालत नाय.

जानकीचं पहिलं लेकरू तान्हंच गेलं. तिनं त्याला तिथं पुरलं. मी विचारलं, इथंच का? म्हणाली, "काशे, इथं कुणी पाय देत नाय. आन् शेंगा वाळल्या का वाऱ्यानं वाजतात. लेकराला करमेल."

दर कापणीला ती तिथं जरा टेकायची, मग कामाला लागायची. कुणी हटकलं नाय.

मग तुमचा रोलर आला. ती आडवी आली, सगळं सांगितलं. तुमचा मुकादम म्हणाला, बाई, नुसतं रान माजलंय. रान माजलंय! अरे, आई बोलतेय तुझ्याशी!

रोलर फिरला तरी पुढच्या पावसात त्या कोपऱ्यात खुळखुळा परत उगवला. तुमच्या कुंपणाबाहेर उभी राहून बघायची ती. तापानं अंथरुणाला खिळली तेव्हा एकच म्हणाली, मला त्याच्याशेजारी ठेवा.

आमी तिला खांद्यावर घेऊन आलो. फाटकाला कुलूप. रखवालदार म्हणाला, वरून परवानगी नाय. ओढ्याकाठी पुरली तिला, परक्यासारखी. आता त्या कोपऱ्यात तुमी स्कूटरी ठेवायला सिमेंट ओतणार म्हणे. आन् वर हार आणता? लाज कशी वाटत नाय?

हार राहू द्या. तो कोपरा सोडा. आई नाय पोचली, लेकरू तरी निवांत राहू द्या.

मंडळी, इथं मान खाली घालून उभं राहा, असं मी सांगणार नाय. गप उभं राहायचं ते त्या फुलांपाशी. चला, उठा सगळी. साहेब, किल्ली घ्या आणि पुढे व्हा.