बाबांच्या नावचं पार्सल

आई : ते खोकं परत देऊन टाक त्याला.

मुलगा : तो गेला कधीच. आणि परत का द्यायचं? बाबांच्या नावचं आहे. जायच्या आधी मागवलं असणार त्यांनी. तुझ्यासाठी, आई!

आई : कोण म्हणालं?

मुलगा : पार्सल घेऊन आला होता तो. म्हणाला, साहेबांनी बाईंसाठी मागवलंय, पैसे दारात द्यायचे ठरलेत. मी देऊन टाकले.

आई : मला एका शब्दानं विचारायचं तरी.

मुलगा : त्यात काय विचारायचं? बाबांना जाऊन महिना नाही झाला, आणि त्यांनी पाठवलेली वस्तू मी दारातून परत धाडू? फटीतून बोट घालून बघ, मऊ लागतंय. शाल असेल.

आई : मला नको.

मुलगा : असं काय करतेस गं? थांब, बाबांचा फोन वाजतोय. पार्सलवालेच असतील. तुलाही ऐकू येईल असा लावतो. हॅलो?

फोनवरचा माणूस : नमस्कार सर. वस्तू पोचली ना? साहेब गेल्याचं कळलं, आम्हाला सगळ्यांनाच फार वाईट वाटलं.

मुलगा : हो... थँक्यू.

फोनवरचा माणूस : सर, साहेबांची ऑर्डर दोन भागांत होती. दुसरा बॉक्स गोदामात अडकलाय. अंगठी आहे सर. मला स्वतः म्हणाले होते, बायकोला सरप्राइज द्यायचंय.

मुलगा : आई, ऐकलंस? अंगठी!

आई : ऐकलं.

फोनवरचा माणूस : तिचे पैसे भरलेले आहेत सर, एक रुपया द्यायचा नाही. फक्त याच मोबाइलवर आत्ता एक कोड आला असेल, तेवढा सांगा. नाहीतर सिस्टिम माल परत पाठवते, मग माझ्याही हातात काही राहत नाही.

मुलगा : आलाय, आलाय. घ्या, चार...

आई : थांब!

मुलगा : एक मिनिट गं आई.

आई : तोंड मिट. पुढचा आकडा उच्चारलास तर बघ.

मुलगा : अगं, बाबांची शेवटची इच्छा आहे ही!

आई : ह्यांनी अंगठी मागवलेली नाही.

मुलगा : तुला काय माहीत? सरप्राइज होतं ना.

आई : मलाच माहीत. अख्ख्या संसारात ह्यांनी माझ्यासाठी काडी आणली नाही. तुम्हा पोरांना सगळं आणलं, हौसेनं आणलं, ते मी नाकारत नाही. मी काही मागितलं की "तुला काय करायचंय?" चप्पल तुटली तर तुझ्या मामाकडून घेतली मी. आणि अंगठी म्हणशील, तर होती एक, माझ्या आईनं दिलेली. मित्राची नड भागवायला काढून नेली. बोटातून निघेना, तर ह्यांनीच साबण लावला.

मुलगा : हे तू कधी बोलली नाहीस.

आई : बोलायचंच नव्हतं. एवढी माणसं भेटून गेली, "देवमाणूस होता" म्हणून गेली. मान हलवलीच ना मी सगळ्यांपुढे? आज तू बोलायला लावलंस.

फोनवरचा माणूस : मावशी, मी समजू शकतो. पण माणूस शेवटी बदलतो हो. तुमचं नाव काढून साहेब फोनवर रडले होते.

आई : ते? रडले? स्वतःची आई गेली तेव्हा नाही रडले.

मुलगा : आई... हा मेसेज बँकेचा आहे. मी नुसते आकडेच बघितले.

आई : वाच. मोठ्यानं वाच, त्यालाही ऐकू दे.

मुलगा : "खात्यातून रक्कम पाठवण्यासाठीचा कोड. कोणालाही सांगू नका."

फोनवरचा माणूस : ते नेहमीचंच असतं सर, सगळ्यांना येतं. तुम्ही कोड बोला पटकन. बोल ना ए! त्या म्हातारीच्या नादी काय...

(मुलगा फोन बंद करतो.)

मुलगा : बाबांचं नाव, आपला पत्ता, हा नंबर. सगळं कुठून मिळालं यांना?

आई : पेपरातून. तूच दिलीस ना बातमी, फोटोसकट? भेटायला येणाऱ्यांना बरं पडेल म्हणून पत्ता टाकलास, नंबरही हाच टाकलास. आणि वर मोठ्या अक्षरांत "प्रेमळ पती".

मुलगा : तसंच छापतात गं सगळे.

आई : छापतात. या मेल्यांनी खरं मानलं. तिथेच फसले बिचारे.

मुलगा : हसू नकोस गं अशी.

आई : मग काय करू, सांग. आधी बँकेला फोन लाव, ते खातं बंद करून टाक. मग पोलिसांकडे जा.

मुलगा : जातो. खोकंही नेतो. हे बघ, उघडलं, आत जुन्या पडद्याचं फडकं भरलंय. आणि बाहेर पाठवणाऱ्याचं नाव नाही, दुकान नाही, काही नाही. मी बाबांचं नाव वाचलं आणि पुढचं मला दिसलंच नाही.

आई : रडायचं तर रड. घरात मीच आहे.

मुलगा : मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल.

आई : कळतं रे मला. पोलीस विचारतील, आईनं कसं ओळखलं म्हणून.

मुलगा : विचारतीलच.

आई : सांग, खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, त्यावरून ओळखलं.