बिनकठड्याची गॅलरी

या, मंडळी, बसा. माउली, तुम्ही लेकराला घेऊन जरा अलीकडं या. त्या खांबापाशी नको. हां, असं. का ते मागनं सांगतो.

आज एकच प्रश्न घेऊन आलोय. ज्याला दिसत नाही त्याला आपण आंधळा म्हणतो. बरोबर? मग ज्याला दिसतं, लख्ख दिसतं, आणि तरी जो बोलत नाही, त्याला काय म्हणायचं? मुका? मुक्याची बिचाऱ्याची जीभच चालत नाही. याची जेवताना चालते, भांडताना चालते — फक्त वेळेला चालत नाही! काय म्हणायचं याला? नका सांगू. आधी ऐका.

कराडात सुहास तवटे म्हणून एक गृहस्थ. पोस्टात नोकरी. घरात बायको वृषाली, दहावीतली मुलगी ऋतुजा आणि वडील दिगंबरअण्णा. अण्णा चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर. नुसता बाटलीला हात लावून औषध ओळखायचे. पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले.

राहायला दोन खोल्या. लग्न झाल्यावर घेतलेल्या — 'आत्ता एवढं पुरे, मग बघू.' मंडळी, हे 'मग बघू' लई लांब असतं बरं का! सोळा वर्षं गेली. पोरगी अभ्यासाला बसली की घरानं कुजबुजत बोलायचं, आणि अण्णा शिंकले की तिचं बीजगणित चुकायचं. कपडे बदलायचे तर बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड करायचं. पाहुणा मुक्कामाला राहतो म्हणाला की वृषाली जमिनीवरच्या फरश्या मोजायला लागायची, अंथरूण कुठं बसेल म्हणून.

मोठं घर मागितलं, चुकलं का? अजिबात नाही. ते मला विचारू नका, आमच्या घरी विचारा. रोज सकाळी माझं कीर्तन होतं, आणि ते मी करत नाही!

पण त्या दोन खोल्यांत अण्णा राजे होते. कॉटपासून दारापर्यंत सात पावलं. दाराची चौकट हाताला लागली की उंबरा, उंबऱ्याबाहेर एक पायरी, खाली ओटा. रोज चार वाजता उन्हाचा कवडसा तोंडावर आला की उठायचे, सात पावलं मोजायचे, ओट्यावर जाऊन बसायचे. चहा झाला की वृषाली हाक मारायची नाही. कपावर चमचा तीनदा वाजवायची. टिण, टिण, टिण. हाक मारलेली अण्णांना आवडत नसे. म्हणायचे, "मी काय हरवलेलं पोर आहे?"

सुहासनं घरासाठी जिवाचं रान केलं. एकदा बुकिंग मोडलं. एकदा पायासाठी खोदलेल्या खड्ड्यात दोन वर्षं नुसतं पाणी साचलं. शेवटी नदीकाठी चौथ्या मजल्यावर घर मिळालं. तीन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मोठी गॅलरी. गॅलरीतनं कृष्णा दिसते! जुनं घर विकलं, किल्ली देऊन टाकली. परतीची वाट संपली.

आता घर तयार, पण गॅलरीला कठडा नाही. सुहासला काचेचा हवा होता. नदी दिसायला पाहिजे ना! काच यायला महिना लागणार. बिल्डरचा माणूस म्हणाला, "साहेब, तोवर लोखंडी बसवून देतो." सुहास म्हणाला, "नको. नव्या फरशीला भोकं पडतील."

मग थांबायचं की नाही महिनाभर? थांबतोय कशाला! वास्तुशांतीचा मुहूर्त शेवटचा. पुढं चातुर्मास, चार महिने काही नाही. सुहासनं गॅलरीला आडवी सुतळी बांधली. आणि पूजेच्या सकाळी तीही सोडली. पाहुणे येणार, सुतळी बरी दिसत नाही!

आले पाहुणे. चाळीस माणूस. होम झाला, दूध उतू गेलं. आणि प्रत्येक जण घर बघत बघत गॅलरीशी यायचा. पुढं व्हायचा, खाली बघायचा, पटकन मागं सरायचा. खाली फरशा उतरवलेल्या, सळ्या उभ्या. प्रत्येकाच्या काळजात चर्र व्हायचं. आणि तोंडानं काय म्हणायचा? "वा! काय वारा आहे!"

असं का? अहो, आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. वास्तुपुरुष घरात पालथा पडून ऐकत असतो. बोलाल त्याला 'तथास्तु' म्हणतो. त्या दिवशी कोण म्हणेल, 'इथनं कुणी पडेल'? कोण घेईल पाप माथ्यावर? त्यात एक पाहुणा होता — अंगानं जाडजूड, कपाळाला बुक्का, हातात लाडू. चांगला शिकलेला, चार लोकांना शहाणपण सांगणारा. तो सगळ्यांत पुढं गेला, खालच्या सळ्या नीट बघितल्या. मागं फिरला, लाडवाचा घास घेतला आणि म्हणाला, "सुहास, नदीदर्शन घरबसल्या! पुण्यवान आहेस."

त्याचं नाव नंतर.

जेवणं झाली. अण्णांना कुठं झोपवलं? प्रेमानं झोपवलं हो — चांगल्यातल्या चांगल्या खोलीत, गॅलरीच्या खोलीत. वारा लागेल म्हणून! सुहास बाहेर पाहुण्यांत. त्याला वाटलं, वृषाली आहे. वृषाली बायकांत, तिला वाटलं, ऋतुजा आहे. ऋतुजा आपल्या नव्या खोलीत, जन्मात पहिल्यांदा स्वतःचं दार लावून बसलेली. तिला वाटलं, आईबाबा आहेत. दोन खोल्यांत म्हातारा सोळा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. घर मोठं झालं आणि पहिल्याच दिवशी तो नजरेआड झाला.

चार वाजले. तोंडावर ऊन आलं. अण्णा जागे झाले, अर्धवट झोपेत. झोपेत आंधळा माणूस कुठल्या घरात असतो, सांगा? जुन्याच! उठले. काठी घेतली. एक. दोन. तीन...

वृषाली चहा घेऊन आली. कॉट रिकामी. गॅलरीचं दार उघडं. आणि बाहेर, तिच्याकडं पाठ करून, अण्णा उभे. पायाची बोटं फरशीच्या कडेवर. काठीचं टोक खाली हवेत चाचपडतंय. वारा धोतराचा सोगा बाहेर ओढतोय. आणि तो म्हातारा, आपला ओट्यावर असल्यासारखा, शांतपणे विचारतो,

"वृषाली, ओट्याची पायरी कुणी काढली गं?"

मंडळी, ओरडावं? दचकला तर गेला. धावावं? पावलं ऐकून वळताना तोल गेला तर? सासरा कडेवर आणि सून दारात, हातात चहाचा कप आणि चमचा. आणि इकडं म्हाताऱ्यानं पाय उचलला. पायरी शोधायला! उजवा पाय बाहेर, कडेच्या पलीकडं, खाली... खाली...

टिण.

तिनं चमचा वाजवला. तीनदा वाजवायचा, पण ती वाजवतच राहिली. टिणटिणटिणटिण. चहा बोटांवर सांडला, बोटं भाजली. तिला कळलंही नाही.

पाय तसाच थांबला. अण्णा हसले. "एवढी साखर ढवळतेस होय आज? गोड घर झालं वाटतं." पाय आत घेतला. आवाजाकडं वळले. टाच कडेवरनं सरकली. वृषालीनं कप टाकला, झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्यांचं धोतर धरून त्यांना घेऊन आतच कोसळली.

कप फुटल्याचा आवाज ऐकून सगळे धावत आले. सुहासनं ते बघितलं आणि पुढं होऊन अण्णांचा हात धरला. वृषाली रडत रडत म्हणाली, "मला सकाळपासून दिसत होतं हो. पण आजच्या दिवशी तसं कसं बोलू?"

सुहास म्हणाला, "मलाही."

मागनं एक काका, "मी म्हणणारच होतो..." एक आत्या, "माझ्या ओठांवर आलं होतं..." एकेकाचं तोंड उघडायला लागलं. आता!

अण्णा फरशीवर बसलेले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे चाळीस माणसांना दिसत होतं. मला एकट्यालाच दिसत नव्हतं." हातानं बाजूची फरशी चाचपली. "मग मला तरी सांगायचं रे."

दुसऱ्या दिवशी लोखंडी कठडा बसला. फरशीला भोकं पडली. काच पुढं कधी आलीच नाही. अण्णांची कॉट बाहेरच्या खोलीत आली, आणि ऋतुजा आता दार उघडं ठेवून अभ्यास करते. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो लाडूवाला पाहुणा? सुहासचा मावसभाऊ. तो तुमच्यासमोर उभा आहे. वीणा गळ्यात, बुक्का कपाळाला. त्या दिवसापासून मला चमच्याचा आवाज ऐकवत नाही. घरात चहा बोटानं ढवळतात म्हणा ना!

आता उत्तर द्या. दिसून न बोलणाऱ्याला काय म्हणायचं? तुम्ही गप्प. मीही गप्प होतो. आज इथं आल्यापासून अर्धा तास एका गोष्टीबद्दल गप्प आहे.

तो खांब बघा. लोखंडी. त्याला गुंडाळलेली ही दिव्यांच्या माळेची वायर, तीन ठिकाणी सोललेली. खाली अभिषेकाचं पाणी वाहतंय. आणि मघाशी त्याच खांबाला टेकून पोरं बसली होती. बघितलंत ना? खरं सांगा! तुम्ही, पुढचे काका, तुम्ही दोनदा बघितलंत. मी मोजलंय. उत्सवाचा दिवस, कशाला अभद्र बोला... हेच ना?

मेन स्विच कोण बंद करतंय? उठा. दिवे जातील, जाऊ द्या. माईक जाईल, जाऊ द्या. नाम अंधारातही ऐकू येतं. ज्याला माझा आवाज पोचणार नाही त्यानं पुढं सरकायचं. पण हळू. शेजारच्याचा हात धरून. आणि जाताना त्याला सांगायचं, खांबाला हात लावू नको.