साध्या फायली

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहरातल्या इस्पितळात, स्मृतिविकाराच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर, माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"बोगोमिल, तुझी गुहांमधल्या भटकंतीची टिपणं त्या छान ॲपमधून काढतोयस कशाला?"

"उद्या कंपनी बंद पडली तर ती उघडणार नाहीत, ब्रेदा. साध्या मजकुराच्या फायली कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात."

"पण ॲपमध्ये शोधलं की लगेच सापडतं."

"शोधायला आधी शब्द आठवावा लागतो."

"मग फायलींत तरी कसं शोधशील?"

"मी नाही. तू वाचून दाखवशील."

"मला बाई गुहांतलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर सगळं सोपं करून लिहितोय. तुला कळलं, तर मलाही कळेल."

"मग आज घरी गेल्यावरच वाचायला बसते. अडलेलं आत्ताच विचारून घेते."